पाऊण तासाची चूक

मागे एका रविवारी दुपारी पनवेलला घरी चहा ठेवला, सहज लॅपटॉप उघडला... आणि चहा राहिला बाजूला.

थोडं मागचं सांगते. भरतीचा आपला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यावरून मी मोबाइलसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता.

उरणजवळच्या करंज्याचे मच्छीमार पांडूकाका, बाबांचे जुने दोस्त, आणि त्यांचा मुलगा नरेश तो वापरतात. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी चिखलच उरतो, म्हणून होडी आत कधी घ्यायची ते त्यावर बघतात. एवढं जबाबदारीचं काम, आणि करणारी कोण? झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मी!

प्रोग्रॅम नावाला ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणीही उघडून वाचावा असा. कोड ठेवला होता अशा साइटवर, जिथे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. मला तेच हवं होतं... झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग त्या साइटचाच मेल आला, आम्ही बंद करतोय, आपापला कोड हलवा. पंधरा दिवस नुसती धाकधूक. अजून एक छोटी, निवांत साइट होती, पण तीही उद्या बंद पडली तर? दुसरीवर सगळी दुनिया जाते. तिथे कुणीही येणार, कोड वाचणार, चारचौघांत चुका काढणार.

शेवटी कोड गायब व्हायची भीती जास्त ठरली. डोळे मिटून गर्दीच्या साइटवर गेले.

आणि चौथ्याच दिवशी, म्हणजे त्या रविवारी, कुणा अनोळखी माणसाची पहिली तक्रार. एकच ओळ... 'क्षयतिथीचं काय केलंय?'

काहीच केलं नव्हतं हो! पंचांगात कधी एखादी तिथी गळते, कधी एखादी दोन दिवस राहते. आणि मी शहाणीने अमावास्येपासून सरळ दिवस मोजले होते. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, तर नेमकी नवमी गळलेली. आज दशमी, पण प्रोग्रॅम म्हणत होता नवमी. संध्याकाळची भरती दाखवत होता पावणेसात, खरी होती साडेसात.

काकांना फोन लावला, लागेना. नरेशचा नॉट रिचेबल. चहा तसाच ठेवून स्टँड गाठला आणि उरणची एसटी पकडली. वाटेत नको नको ते मनात येत होतं. देवाला काय काय कबूल केलं, मलाच आठवत नाही.

करंज्याला काका धक्क्यावर बसले होते. रडतरडतच सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुजा टायम कदी कदी चुकतो, ठावं हाय मना. मी बोटांवर मोजून घेतो."

मग मला सांगितलं का नाही?

"अगो, तू भित्री हायस. घाबरून सगला सोडून दिला असतास."

मी विचारलं, नरेशला येतं का बोटांवर मोजायला? काकांनी खाडीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "त्याला तिथ्या नाय येत. आज माजे गुडघे धरलेत, म्हून एकलाच गेलाय." आणि ते गुडघे घेऊन उठून उभे राहिले.

पावणेसातच्या सुमारास होडी खाडीच्या तोंडाशी दिसली. आणि थांबली. पाणी पुरेसं नव्हतं, चिखलात रुतून एका बाजूला कलली. काकांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

वीसेक मिनिटांनी होडी हलली. भरती अजून चढत होती, म्हणून सुटली. तिथी गळायच्या ऐवजी वाढली असती, तर माझ्या वेळेला पाणी उतरत असतं आणि होडी तिथेच आडवी झाली असती. नरेश कमरेपर्यंत चिखलाने माखून आला, हसत होता. मला काही हसू आलं नाही.

सोमवारी चूक दुरुस्त केली. त्या अनोळखी माणसाला चार ओळी लिहून आभार मानले, त्यालाही हे सगळं सांगितलं. काका आता काहीही खटकलं की फोन करतात आणि मी ते त्यांच्या नावाने तिथेच, सगळ्यांसमोर नोंदवते.

माझा भित्रेपणा काही गेला नाही. फक्त आता चार दिवस एकही तक्रार आली नाही, की मला झोप लागत नाही.