अस्सल जर्मन

मिस्त्री एक डोळा मिटून पाहू लागले की आमच्या गल्लीत भल्याभल्यांचा जीव खालीवर व्हायचा. लोखंडी फाटक असो, लग्नाचा मांडव असो, नाहीतर माझ्या बायकोने लाटलेली पोळी असो, ते मान तिरकी करायचे, डावा डोळा मिटायचे, उजव्याने नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय..." मग एक लांब श्वास. "पण बराबर न्हाई."

वसमतला आमची घरं समोरासमोर होती. मी शाळेत मास्तर, ते जिनिंग मिलमध्ये फिटर. मिल बंद पडल्यावर त्यांनी घराच्या पडवीत वेल्डिंगचं दुकान थाटलं. वखर, फाळ, खिडक्या, बैलगाडीचे आख, सगळं तिथे यायचं. त्यांनी जोडलेलं पुन्हा तुटल्याचं मी ऐकलं नाही. ते स्वतःही हे दिवसातून चारदा सांगायचे, म्हणून मला एवढं पक्कं माहीत.

अशा माणसाच्या हातून स्वतःच्याच बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, पातेलं जळालं.

पातेलं जर्मनचं होतं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला मास्तर असूनही सांगता येणार नाही. वहिनींच्या आईने पुसेगावहून त्यांच्या लग्नात दिलेलं ते मोठं पातेलं. आई पुढे लवकरच गेली आणि माहेरचं म्हणावं असं तेवढंच उरलं. त्याला बुडाशी केसाएवढी चीर पडली होती. "दोन मिनिटांचं काम हाय," म्हणून मिस्त्रींनी लोखंडाला लावतात तोच रॉड त्याला लावला. दोन मिनिटं लागलीच नाहीत. चिरेच्या जागी रुपयाएवढं भोक पडलं.

वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "असू द्या" म्हणाल्या आणि पातेलं ओसरीतल्या खुंटीला टांगलं, मिस्त्री जेवायला बसत त्याच्या अगदी समोर. भाकरी मोडताना मान वर केली की भोक दिसायचं. मिस्त्रींचं जेवण कमी झालं.

"गुरुजी, हे जोडल्याबिगर मला चैन न्हाई," ते एकदा मला म्हणाले. "तोंडानं काही बोलत न्हाई ती. तीच तर तकलीफ हाय."

कुणीतरी सांगितलं की आरगन गॅसवर चालणारं वेल्डिंग असतं, त्यावर जर्मनसुद्धा जोडता येतं. झालं! मिस्त्री मला घेऊन नांदेडला जुन्या मशिनींच्या दुकानात गेले. आमचा हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कोपऱ्यात एक हिरवं, पोपडे उडालेलं धूड उभं होतं. मिस्त्रींनी एक डोळा मिटला, बटणं फिरवून पाहिली आणि दुकानदाराला आपल्या खास हिंदीत विचारलं, "जर्मन होता क्या इसमें?"

"अरे चाचा, बिल्कुल जर्मन! असली जर्मन!"

मिस्त्रींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. सौदा तिथेच झाला.

मशीन टेम्पोतून आलं तेव्हा अख्खी गल्ली ते उतरवायला लागली. मग आठवडाभर तयारी. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली. ती जागा ओली राहायला हवी म्हणून भांड्यांचं पाणी तिथेच ओतायचं, असा वहिनींना हुकूम झाला. वहिनींनी तोही निमूट पाळला. गॅसची टाकी आली तशी शेजारची म्हातारी लग्नाच्या स्वयंपाकाला ती उसनी मागायला आली. "मावशे, हा पेटत न्हाई, विझवतो," हे तिला समजावण्यात मिस्त्रींची अर्धी सकाळ गेली. शेवटी ती चिडूनच गेली.

नारळ फुटला. हा गॅस वाऱ्याने उडून जातो आणि मग जोड बिघडतो, म्हणून पंखा बंद करवला. पडवीच्या दाराला गोधडी लावली. आम्ही सात-आठ जण आत घामाने निथळत उभे. "कोणी शिंकू नगा!" मिस्त्रींनी बजावलं आणि काच तोंडावर घेऊन जर्मनच्या एका जुन्या झाकणावर जाळ धरला.

झाकण काळं पडलं, फुगलं, त्याचे गोळे होऊन खाली गळाले. दुसरं झाकण, तीच गत. वहिनी आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नांदेडला. मिस्त्री दुकानात तावातावाने शिरले. "तुमने बोला था जर्मन होता. नही होता!" दुकानदार शांतपणे उठला आणि मशीन विकताना त्याच्या मागच्या पट्टीवरचं नाव उतरवून घेतलेला कागद त्याने वहीतून काढून दाखवला. मी वाचलं: मेड इन जर्मनी.

"आपने पूछा, जर्मन है? मैं बोला, जर्मन है. इसमें झूठ क्या है, चाचा?"

मिस्त्रींनी तो कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मग डोळा मिटून म्हणाले, "बराबर हाय." दुकानदाराला हायसं वाटलं. "पण बराबर न्हाई."

मशीन परत घ्यायला तो तयार नव्हता, पण चहा पाजला आणि एक गोष्ट सांगितली. हे सरळ करंटचं मशीन. लोखंड, स्टील झकास होईल. ॲल्युमिनियमला मात्र उलटसुलट फिरणारा करंट लागतो. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होतो. मिस्त्रींना ते दिसलं. "हसा, गुरुजी, हसून घ्या. तुमी शिकलेले, तुमाला तरी कळलं का?" कळलं नव्हतं, हे खरं.

स्टीलवर मात्र त्या मशीनने कमाल केली. कुरुंद्याच्या हळदवाल्यांपासून दूधवाल्यांपर्यंत लोक येऊ लागले. मिस्त्रींचं नाव झालं, पण जेवताना मान वर केली की भोक होतंच.

एके दिवशी सकाळी ते माझ्या दारात. "गुरुजी, उलटसुलट जमत न्हाई, पण निस्तं उलट तर करता येतं ना?" त्यांनी मशीनच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली होती. तसं केलं की जिच्यातून जाळ निघतो ती टोकाची सुईच मेणबत्तीसारखी वितळायची. त्यांनी जाड सुई आणली, करंट कमी केला आणि झाकणांमागून झाकणं जाळली. गल्लीत दूध झाकायला जर्मनचं झाकण उरलं नाही. बायका दुधावर ताटं ठेवू लागल्या. कुणी विचारलं, "काहून करून राहिले एवढं?" तर मिस्त्री काचेआडून म्हणायचे, "सराव."

आणि एका दुपारी ठिगळ बसलं. ओबडधोबड, मुंग्यांच्या वारुळासारखं, पण बसलं. त्यांनी पातेल्यात पाणी भरलं. आम्ही खाली वाकून पाहिलं. थेंब नाही. मिस्त्रींनी एक डोळा मिटला आणि म्हणाले, "बराबर." पुढे काहीच नाही. वहिनी पहिल्यांदा हसल्या. त्या दिवशी साऱ्या गल्लीने त्या पातेल्यातला चहा प्यायला आणि खुंटी मोकळी झाली.

पुढची पाच-सहा वर्षं कोणीही आलं की मिस्त्री ओरडायचे, "अगं, त्याच पातेल्यात ठेव!" मग पाहुण्याला जर्मनची सगळी कथा ऐकावी लागायची. मी ती इतक्यांदा ऐकली की माझा चहा कथा संपायच्या आधी निवायचा.

मिस्त्री गेले ते दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. माझ्या आयुष्यात एवढं रिकामं मला क्वचित वाटलं आहे.

महिन्याभराने मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी अंगणातल्या चुलीवर तेच पातेलं ठेवलं. चहा उकळू लागला तशी निखाऱ्यावर चुर्र झालं. थोड्या वेळाने पुन्हा चुर्र.

"वहिनी, गळतंय!" मी उठलोच.

"बसा, गुरुजी. पयल्यापासून गळतंय. दुसऱ्याच दिवशी पाझरलं होतं."

"पण मी तर कधी..."

"चुलीवर ठेवायच्या आधी बुडाला कणीक लावायची मी. हे आंघोळीला गेले की लावायची, न्हाईतर पाठ फिरली की. ह्यांना कधी कळू दिलं न्हाई."

"मग आज का नाही लावली?" मी विचारलं.

वहिनींनी पदराने पातेलं उतरवलं, माझा कप भरला.

"आता कोणापासून लपवू?" त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा त्यांनी तसाच चुलीवर ठेवून दिला.