हॉटेलातल्या हॉकीवर दीड तास

बर्फावरच्या हॉकीवर नाशिकात अधिकारवाणीनं बोलणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. हसू नका. मी आयुष्यात हॉकीची काठी हातात धरलेली नाही, आणि बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता. पण कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे कशावरही दीड तास बोलायची वाईट खोड आहे.

झालं असं, की बायकोबरोबर स्वित्झर्लंडच्या सहलीला गेलो होतो. तिथल्या डोंगरातल्या एका जुन्या, राजेशाही हॉटेलापुढे आमची बस थांबली. आम्ही काही तिथं मुक्कामाला नव्हतो. तेवढी ऐपत असती तर काय हवं होतं! बसमधल्या मंडळींना बाथरूमला जायचं होतं आणि हॉटेलवाल्यांनी भलेपणानं परवानगी दिली. माझा नंबर लागेपर्यंत मी तिथल्या भिंतीवरचे जुने फोटो बघत उभा राहिलो. लांब कोटातले साहेब, घोट्यापर्यंत झगे घातलेल्या मडमा, हातात काठ्या, पायांखाली बर्फ.

काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईनं मला हौसेनं सगळं सांगितलं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतले श्रीमंत लोक हिवाळाभर तिथं येऊन राहत. करायला काही नाही म्हणून कंटाळत. मग मालकानं टेनिसच्या कोर्टावर पाणी सोडलं, सकाळपर्यंत त्याचा बर्फ झाला आणि पाहुणे त्यावर हॉकी खेळायला लागले. पुढे शेजारच्या हॉटेलाशी सामने ठरू लागले. गडी कमी पडला की वाढपी ॲप्रन काढून थेट मैदानात! त्या देशात हा खेळ रुजला तो असा, हॉटेलांच्या अंगणात.

मी तर वेडाच झालो. घरी आल्यावर मिळेल ते वाचलं, टिपणं काढली आणि दिसेल त्याला ऐकवत सुटलो. भाजीवालीसुद्धा सुटली नाही. सुरुवात ठरलेली असायची, 'मी त्या हॉटेलात होतो तेव्हा...' खोटं कुठं होतं? बारा मिनिटं होतोच की! शेवटी नाशिकरोडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं. माझ्या डोक्यात आधीच शाल-श्रीफळ नाचायला लागलं.

आता खरी गंमत अशी, की हॉकी आमच्या घरातच होती. माझी मुलगी गंगापूर रोडच्या एका स्केटिंग रिंकवर चाकांचे बूट घालून हॉकी खेळते. यंदा तिची लडाखच्या शिबिरासाठी निवड झाली. खऱ्या बर्फावर! पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि मी काय म्हणालो? "बारावीचं वर्ष आहे. बर्फबिर्फ नंतर बघू."

तीन आठवडे घरात अबोला. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी आरशापुढे भाषणाची तालीम करत होतो. स्वतःचीच वाक्यं ऐकून लाज वाटली म्हणा किंवा मूड चांगला होता म्हणा, मी एकदाचा 'जा' म्हणालो. तिनं गळ्यात हात टाकले, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही स्वतःचं फार कौतुक वाटलं.

फॉर्म ऑनलाइन, संध्याकाळी सहाला बंद होणार. कागदपत्रं तिच्या कोचकडे होती, म्हणून मायलेकी पाच वाजता रिंकवर जाऊन तो भरणार होत्या. पालकाच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो त्यांना कळवायचा, की झालं. आणि तो मोबाइल माझा. रिंकवर मुलीचं नाव पहिल्यांदा नोंदवलं तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, माझा नंबर द्या. तुम्ही फोन उचलता का कधी?" मी फणकारलो होतो, "या घरातला कुटुंबप्रमुख कोण?"

"बाबा, पाच ते सहा फोन हातात ठेवा हं. व्याख्यान चालू असलं तरी."

"अगं ठेवतो गं! लहान आहे का मी?"

पाच वाजता मंडळाचा हॉल भरला होता. अध्यक्षांनी सूचना केली, "मोबाइल सायलेंट करा." सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मी आदर्श वक्ता! सर्वांच्या देखत फोन सायलेंटवर टाकून जाकिटाच्या खिशात सरकवला. मधून मधून बघू, असं मनात होतं, देवाशप्पथ. पण एकदा माइक हातात आला आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. खिशात काहीतरी थरथरलं. थोड्या वेळानं परत. मला वाटलं, कुणाला तरी अभिनंदनाची घाई झालीय. मी नेमका झग्यातल्या मडमांवर आलो होतो. "त्या मुलींना कुणी अडवलं नाही!" मी गरजलो. "बापांनी स्वतः खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या!" हे नाड्यांचं मी पदरचं घातलं होतं, पण टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. चिवड्याची बशी हातात घेऊन फोन काढला. पावणेसात. चौदा मिस्ड कॉल, चार ओटीपी. चिवडा तसाच ठेवून रिक्षा पकडली.

घरी आलो तेव्हा मुलगी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली होती. डोळे सुजलेले. बायको माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. मी शाल काढून खुर्चीवर टाकली.

"चुकलो गं. गाढव आहे मी."

"जाऊ द्या, बाबा."

त्या 'जाऊ द्या'नं मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आता गप्प बसावं की नाही? पण नाही, व्याख्यात्याला काहीतरी बोलायलाच हवं.

"पुढच्या वर्षी मी स्वतः घेऊन जातो तुला लडाखला. अगं, तुझ्यासारखी गोलकीपर मिळणार आहे का त्यांना?"

बायकोनं कपाळावर हात मारला. मुलीनं पुस्तकातून वर पाहिलं.

"मी गोलकीपर नाहीये, बाबा. कधीच नव्हते."

मग कुठं खेळतेस, असं मी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.