मावशीचा पत्ता

मोठ्या इस्पितळात आईच्या थुंकीत क्षय निघाला, तेव्हा तिथला फॉर्म मी भरला. घरात लिहिता येणारी मीच होते. कॉलेजात जाणारी तर सगळ्या नात्यात पहिली. आम्ही अंधेरीला, टेकडीवरच्या चाळीत राहत होतो. पत्त्याच्या जागी मी मावशीचा मालाडचा पत्ता लिहिला.

खरा पत्ता दिला आणि गोळ्या चुकल्या, तर दवाखान्याची बाई घर विचारत येते, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा ती येऊन गेली की नळावर आपल्या हंड्याला खेटून कुणी हंडा ठेवत नाही. आईला त्याचं फारसं वाटत नव्हतं.

"चाळीचाच घाल गो. दवाखाना चार पावलांवर आहे," ती म्हणाली होती.

"नको. माझ्या वर्गातली एक मुलगी खालच्या बिल्डिंगमध्ये राहते."

आईनं फॉर्मवर अंगठा उठवला.

पत्ता मालाडचा, म्हणून दवाखानाही मालाडचाच मिळाला. आठवड्यातून दोनदा आईनं तिथं जायचं, इंजेक्शन घ्यायचं, सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या. जाताना दोन बस, येताना दोन बस. मी तेव्हा कॉलेजात असायचे. संध्याकाळी विचारलं की ती म्हणायची, "जाऊन आले."

त्याच वर्षी कॉलेजच्या समाजसेवेच्या तासांसाठी मला क्षयरोग केंद्रात पाठवलं. उपनगरांतल्या दवाखान्यांतून रोग्यांची कार्डं यायची. पत्ता वाचून भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचायची. औषध चालू असेल तर लाल, मध्येच सोडलं असेल तर काळी. रोग कुठं जास्त, औषध कुठं सुटतं, ते डॉक्टरांना बघायचं होतं.

एका दुपारी डॉक्टर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आमच्या टेकडीवर बोट ठेवलं. "एवढी दाट वस्ती आणि एकही टाचणी नाही? कमाल आहे!"

कार्डं लावणारे कारकून मान वर न करता म्हणाले, "साहेब, त्या टेकडीवर कुणी आजारी पडत नाही. आजारी पडतात ते त्यांचे नातेवाईक."

डॉक्टर हसले. मीही हसले. नकाशा चुकीचा आहे, हे त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी कधीच सांगितलं नाही.

पुढचा गठ्ठा मालाडचा होता. त्यात आईचं कार्ड निघालं. शेवटच्या दीड महिन्याचे चौकोन कोरे होते. खाली लिहिलं होतं, 'घरी भेट दिली. रोगी गावी गेल्याचे बहिणीने सांगितले. उपचार बंद.' मी दोनदा वाचलं. मग काळी टाचणी घेतली आणि मालाडवर टोचली.

घरी आई तांदूळ निवडत होती.

"आई, तू मालाडला जातेस ना?"

"जाते की."

"मी कार्ड बघितलंय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "धाप लागते गो. बसमध्ये उभं राहवत नाही. मावशीला मीच सांगितलं, कोण आलं तर गावी गेली म्हण."

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगून काय? तुला इथला दवाखाना नको होता."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. रांगेत आमच्या मागे शेजारच्या खोलीतली काकू उभी होती. सिस्टरनं पत्ता विचारला. मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल गं. खाल्लं नाहीस का सकाळी?"

मी चाळीचं नाव सांगितलं, खोली नंबर सांगितला. मागून काकूचा आवाज आला, "अगो बाई! मला वाटलं, साधा खोकला."

सिस्टरनं आईचे जुने कागद चाळले. "दीड महिना खंड? मग पहिल्यापासून. इंजेक्शनंसुद्धा."

आधीच्या सुयांनी आईच्या कमरेखाली गाठी आल्या होत्या. ती पडद्याआड गेली. बाहेर आली ती पाय ओढतच. सिस्टरसमोर तिनं एकेक गोळी गिळली आणि सांगण्याआधीच तोंड उघडून दाखवलं. मग माझ्याकडे वळली.

"तू जा आता. पहिला तास चुकेल तुझा."

आणि मी गेले.