हिरव्या पट्ट्याचा केक

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुंदन सर कराटे शिकवतात. त्यांच्या गुरूंनी त्यांना पिवळ्या पट्ट्यावर इतकं रखडवलं, की पट्टा विटून पुन्हा पांढरा दिसू लागला होता. आता पालकांना दर परीक्षेला नवा रंग हवा. नाही मिळाला की पोरं शेजारच्या क्लासला जातात. सरांकडे चारच उरली होती.

त्यातली श्रुती परीक्षेत हालचालींचा क्रमच विसरली. सरांनी नापास म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिची आई हिरव्या पट्ट्याचा केक घेऊन हजर.

"सर, बांधा ना पटकन, क्रीम वितळतंय!"

सर गुडघ्यावर बसले, पट्टा बांधू लागले. श्रुती कुजबुजली, "सर, पण मला येत नाही."

"म्हाईत हाय, बाय," म्हणत त्यांनी गाठ आवळली.

तेव्हापासून सर परीक्षा घेत नाहीत. पट्टे तेवढे मागवतात.