म्हशीला सांगितलेलं

साताऱ्याच्या कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं, ते त्या वर्गात पंख्याखालची जागा मिळायची म्हणून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पण परीक्षा उरकून सांगलीकडे मामांच्या गावी गेलो, तेव्हा माणूस माणसाचं वाईट का करतो याचं उत्तर मी खिशात घालून फिरत होतो. ऐकणारं कुणी नव्हतं. आताही नाही. मी सांगायला बसलो की आमच्या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

मामा फौजेतून सुटून शेती करायचे. शेजारच्या आबांशी त्यांचं बोलणं बंद होतं. मामांनी बांधावरची बाभूळ तोडली, आबांनी मामांच्या उसाचं पाणी दुसरीकडे फोडलं, आणि पुढं दोघांनीही एकमेकांचं नुकसान मन लावून केलं. बोलणं बंद असलं, तरी तिकडे तोंड बंद ठेवत नाहीत. जनावराला सांगायचं आणि माणसाला ऐकवायचं. मामा आमच्या कुत्र्याला सांगत, आबा त्यांच्या म्हशीला.

त्या दुपारी मामांची वर्षाची सगळी हळद शिजवून खळ्यावर वाळत पडली होती. अचानक आभाळ भरून आलं. शिजवलेली हळद भिजली की काळी पडते, मग तिला कुणी विचारत नाही. झाकायला होती एकच ताडपत्री, तीही फाटकी. मामा "जल्दी! जल्दी!" ओरडत होते, मामी टोपल्या भरत होती आणि मी ताडपत्रीचं चुकीचं टोक धरून उभा होतो.

तेवढ्यात काट्याचं कुंपण मोडत आबा आत आले. मागून त्यांची दोन थोराड पोरं. सूड, स्पर्धा, मत्सर, पुस्तकातली सगळी प्रकरणं डोळ्यांपुढून सरकली. मी मामांच्या पुढे व्हायचं ठरवलं आणि मामीच्या मागे गेलो.

आबांच्या खांद्यावर नवीकोरी ताडपत्री होती.

"कुत्र्या," आबा ओरडले, "तुझ्या मालकाला सांग, मदली रास आदी झाक!"

"त्यास्नी सांग रं, मला कळतंय!" मामा म्हणाले.

कुत्रं विजेच्या पहिल्या कडकडाटालाच कणगीमागं पळालं होतं. तरी दोघंही त्याच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलत राहिले. पोरांनी दगड ठेवले, आबांनी कडा दाबल्या. पाऊस कोसळला तेव्हा हळद झाकलेली होती आणि बाहेर आम्हीच तेवढे भिजत होतो. आबा कुंपणातून परत गेले.

पाऊस थांबल्यावर मामी त्यांची ताडपत्री परत द्यायला निघाली, तशी मीही गेलो. पाहिलं, तर आबांच्या कडब्याच्या गंजीतून पाणी गळत होतं. ताडपत्री त्यांनी तिच्यावरून ओढून आणली होती.

"आबा, का आलात हो तुम्ही?" मी शास्त्रीय चेहरा करून विचारलं.

"बायकूनं हाकललं, गड्या."

"खोटं!" आबांची बायको आतून म्हणाली. "मी हाक मारायच्या आदीच ह्यो गंजीवर चढला हुता. वर मलाच वराडतोय, हळद भिजतीया, हळद भिजतीया!"

आबा गोठ्यात निघून गेले. चोरी पकडली गेल्यासारखे. माझ्या पुस्तकात चांगुलपणा मिरवणारी माणसं होती. तो लपवायला बायकोचं नाव पुढं करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

घरी येऊन मामीनं सगळं सांगितलं. सकाळी मामांनी आमच्या गंजीच्या पोटातला कोरडा कडबा बैलगाडीत भरला आणि मला घेऊन आबांच्या दारात गेले. स्वतः पेंढ्या उतरवून त्यांनी म्हशीपुढं टाकल्या.

"खा गं," मामा म्हशीला म्हणाले. "मालकानं तुला उपाशी ठेवायचं काम केलंया."

आबा गोठ्यातून बाहेर आले. मग म्हशीला म्हणाले, "इचार त्यास्नी, च्या घेणार का?"

मामांनी म्हशीकडे नीट पाहिलं.

"साखर कमी म्हणावं."