एक किलो पोत्याचा

आमच्या कॉलेजात खेळाच्या सरांची जागा तीन वर्षं रिकामी होती, म्हणून फिटनेस स्पर्धेचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी अर्थशास्त्र शिकवायची. जन्मात कधी धड लंगडी खेळले नव्हते. पण माझे वडील तहसीलमध्ये कारकून, आणि घरात आंघोळीच्याही वेळा ठरलेल्या. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला होता. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं वेळापत्रक कोणालाच जमत नाही." मी मूर्खासारखी फुगले.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पेपर उघडायची भीती वाटायची, रोज पांढरकवड्याकडच्या कुठल्या तरी शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी असायची. दिवाळीनंतर वर्ग अर्धे रिकामे व्हायचे, पोरं-पोरी वेचणीला जायची, आणि हजेरी घेताना मी चिडायची. कोणावर चिडायची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

स्पर्धेची तारीख आधी दोनदा बदलली होती, दोन्ही वेळा शोकसभेमुळे. एकदा एका मुलाचे वडील गेले, एकदा एका मुलीचा मोठा भाऊ. दोन्ही वेळा मी लाल पेन्सिलीनं आखलेला तक्ता फाडला आणि नवा आखला. एसटीच्या वेळा बघ, बाजाराचा दिवस टाळ, चाचणी परीक्षा सांभाळ. तिसऱ्यांदा तक्ता लावला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बजावलं, "आता आभाळ कोसळलं तरी यातला ठिपका हलणार नाही."

एक नियमही मीच केला होता. आदल्या वर्षी एक मुलगी धावता धावता मैदानावर कोसळली होती. उपाशी होती बिचारी. म्हणून यंदा महिनाभर आधी नोटीस लावली : चाळीस किलोच्या खालच्या मुलीला धावता येणार नाही. उपाशी मुलीला जेवू घालायचं सोडून मी तिला मैदानाबाहेर काढायची सोय केली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मुलींच्या लांब धावेत पहिली येईल तिला विद्यापीठाच्या संघात घेणार होते. ही पहिली कोण, ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, एक मुलगी होती, बीएच्या पहिल्या वर्षाला. एसटी चुकली की सहा किलोमीटर पळत यायची आणि पहिल्या तासाला बाकावर बसलेली असायची. तिला पोलिसात जायचं होतं. विद्यापीठाकडून खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. तिच्याकडे पोलिसात जायची दुसरी वाट नव्हती. अंगानं मात्र ती अगदी काटकुळी.

कॉलेजचा वजनकाटा कधीचा गंजून बसला होता. बाजारातले एक कापसाचे व्यापारी ओळखीचे होते, त्यांची मुलगी आमच्याकडे शिकायची. ते लगेच म्हणाले, "ले जाओ मॅडम. पण काटा अकेला नाही जात, मापारी सोबत येईल." सोमवारी सकाळी हातगाडीवरून लोखंडी काटा आला, सोबत त्यांचा म्हातारा मापारी. तीस वर्षं त्यानं कापसाशिवाय काही मोजलं नव्हतं. मुली एकेक करून काट्यावर चढत होत्या, तो दांडीवरचं वजन सरकवत होता आणि आकडा पुकारत होता. मी वहीत लिहीत होते.

पोडावरची मुलगी चढली. चप्पल काढली, ओढणी नीट केली, श्वास रोखून उभी राहिली.

"एकोणचाळीस पाचशे!" मापाऱ्यानं पुकारलं.

ती उतरेना. "मॅडम, एकवार अजून मोजा ना. मी चाळीसच्या वर असन. महिनाभर दाबून खाल्लं मी."

मागे वीस मुली उभ्या होत्या, दहाला माझा तास होता. माझं टाळकं सटकलं. "दहा-दहा वेळा मोजायला तू काय कापूस आहेस का गं? उतर खाली!"

ती उतरली. चप्पल हातातच धरून निघून गेली. तिच्या नावापुढे मी लाल फुली मारली.

बुधवारी स्पर्धा पार पडली, तक्त्याप्रमाणे, मिनिटाला मिनिट. आधी दोन मिनिटं स्तब्धता, मग पाहुण्यांचं भाषण, मग उड्या, बैठका, धावा. लांब धावेत भलतीच मुलगी पहिली आली आणि ती स्वतःच ओशाळल्यासारखी हसली.

संध्याकाळी मापारी हातगाडी घेऊन काटा परत न्यायला आला. दिवसभराचा ताण उतरला होता, म्हणून गंमत म्हणून मी त्यावर उभी राहिले. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांकडे माझं वजन चोपन्न भरलं होतं. मापारी म्हणाला, "त्रेपन्न."

"बाबा, तुमचा काटा खोटं बोलतो बरं का."

म्हाताऱ्याला ते लागलं. "काटा कायले खोटं बोलन मॅडम? चोपन्नच हाये. एक किलो पोत्याचा गेला."

"कुठलं पोतं?"

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मग त्याचा हात कपाळावर गेला. "अरे देवा! तोंडाले सवय पडली हो मॅडम. कापूस मोजला का पोत्याचा किलो वजा करूनच पुकारतो आम्ही. सोमवारी पन सगळ्याइचा वजा झाला असन."

वही उघडायची गरजच नव्हती. चाळीस पाचशे.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "यादी गेली. सकाळी सहाला संघाची गाडी आहे. आता हे उकरून काढू नका, मॅडम." आणि मी, जिच्या आवाजाला शिपाईसुद्धा टरकायचे, ती गप्प बसले. जीप करून रात्री पोडावर जाता आलं असतं, सकाळी गाडीपुढे आडवं पडता आलं असतं. तिसऱ्यांदा आखलेला तक्ता चौथ्यांदा आखायला लागेल, म्हणून मी घरी जाऊन झोपले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी संघ गेला. त्यानंतर, दुपारच्या एसटीनं, मी पोडावर गेले. ती मायसोबत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, बोटं भराभर चाललेली. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. पोत्याचा किलो, मापाऱ्याची सवय, माझी चूक. तिची बोटं थांबली नाहीत. शेवटी तिनं फक्त विचारलं, "म्हंजे मी बसत होती?"

"हो."

मायला माझं शहरी बोलणं नीट कळलं नव्हतं. पोरीनं तिला कोलामीत दोन वाक्यं सांगितली. आणि ती बाई हसली हो! अगदी तोंडभरून. ओटी सावरत माझ्यापाशी आली.

"मंग लागली म्हना माही भाकर तिच्या अंगी," ती म्हणाली. "महिनाभर अर्धी तिच्या ताटात टाकत होती मी. सोमवारी पोरगी रडत आली, त मले वाटलं, वाया गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग मॅडम, आता कधी पयायचं हाये इले?"

मी पोरीकडे बघितलं. गाडी सकाळीच गेली, हे तिला माहीत होतं. त्या दिवसाची तारीख तिला माझ्याइतकीच पाठ होती. ती मायला कोलामीत काहीतरी म्हणाली आणि पुन्हा झाडाकडे वळली. माय मान हलवत कामाला लागली.

"काय सांगितलंस गं?" मी विचारलं.

"पुढच्या साली," ती म्हणाली.

पुढच्या साली जूनमध्ये मी हजेरीपट दोनदा वाचला. तिचं नाव त्यात नव्हतं.