कोरांटीचं माहेर

फाटकाची कडी वाजवून ते आधी विचारायचे, "लेक बरी आहे ना?" घरातल्या माणसांची चौकशी त्यानंतर.

लेक म्हणजे त्यांनी दिलेलं झाड. रत्नागिरीच्या आमच्या आळीत त्यांना सगळे चाचा म्हणत. उभा जन्म गलबतावर तांडेल म्हणून गेला. म्हातारपणी समुद्र सुटला आणि हात मातीत गेले. एकाकडची अबोली दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडची जाई तिसऱ्याकडे, अशा सोयरिकी त्यांनी आळीभर जुळवल्या होत्या. दिलेलं झाड बघायला ते न चुकता जात. समोरच्या वहिनींकडची अबोली एकदा सुकलेली दिसली, तर कुंडीसकट उचलून म्हणाले, "माघारी नेतो. नांदवायची नव्हती तर मागितलीत कशाला?" वहिनींनी चूक कबूल केली तेव्हा कुठे कुंडी खाली ठेवली. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. त्याचा राग येतो, आणि तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

मी घाटावरचा, शाळेतला मास्तर. मुंबईला बोटीनं जायची ती वर्षं. माझी पत्नी वैशाखात गेली. त्यानंतर शाळेतून आलो की मी दार लावून पुस्तक उघडून बसायचो; पान काही उलटायचं नाही. चूल पेटवणं थांबलं होतं. चुरमुरे, केळी, नाहीतर काहीच नाही.

श्रावणात चाचा पिवळ्या कोरांटीची फांदी घेऊन आले.

"मास्तर, ही फार नाजूक हां. हिला तांदळाचं धुवण लागतं. रोज."

"रोज?"

"मग काय, शिळं पाजणार लेकीला?"

धुवण हवं म्हणून तांदूळ धुवावे लागले. धुतलेले तांदूळ टाकवेनात म्हणून भात लावावा लागला. भात झाला म्हणून जेवावं लागलं. चाचा संध्याकाळी येत, बोटानं माती दाबत आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणत, "सुधारतेय." चहा मात्र घेत नसत. "तुमच्यातली रीत ठाऊक आहे मला. नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी नाही."

मार्गशीर्षात पहिलं फूल आलं. त्या दिवशी ते ओट्यावर बसून दोन कप चहा प्याले आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुरले.

पुढच्या आठवड्यात मासळीवाली आजी फाटकाशी पाटी टेकवायला थांबली. मी झाडाला धुवण घालत होतो. ती हसत सुटली.

"अवो मास्तर, कोरांटीला कोण धुवण घालतंय? ती गडग्याच्या दगडांत आपसूक वाढते. काट्यांपायी गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत तिला!"

भांड्यात उरलेलं धुवण मी झाडालाच घातलं. आळीतल्या पोराटोरांनाही हे ठाऊक असणार. चार महिने कुणी मला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी चाचा आले. "धुवण घातलंत?"

"घातलं," मी म्हणालो. आभाराचे शब्द दुपारपासून जुळवून ठेवले होते. त्यांनी माती दाबून पाहिली, मान हलवली आणि ते पुढच्या घरी गेले. शब्द माझ्याकडेच राहिले.

दोन वर्षांनी ते हर्णेला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मला शाळेत कळलं, तोवर दफन होऊन गेलं होतं. घरी आलो. दार लावून घ्यावंसं वाटलं. लावलं नाही. चूल पेटवली, भात लावला. भूक नव्हती. तरी ताटात एकही शीत ठेवलं नाही.